सुर्वेला न पोचलेला फराळ

अहो, सुर्वेला फराळ पोचलाच नव्हता.

एकाही दिवाळीला नाही. आणि हे मला कळावं कधी, तर तुम्ही गेल्यावर. तेही सुर्वेच्याच तोंडून, त्याच्या गॅरेजच्या दारात, रिक्षावाला मागे खोळंबलेला असताना. तुम्ही असतात तर त्याच रिक्षाने घरी येऊन तुम्हाला पडवीत उभं केलं असतं आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात जाब विचारला असता. पण तुम्ही बरोबर वेळ साधलीत. सकाळचा चहा अर्धा प्यायलात, जास्वंदीला पाणी घालायला गेलात आणि पाइप वाहता ठेवून तिथेच आडवे झालात. नळ बंद करायलासुद्धा मीच.

भेटायला आलेला जो तो म्हणत होता, "देवमाणूस हो. कुणाशी खोटं म्हणून बोलला नाही." मी मान हलवत होते. मलाही तेच वाटत होतं ना. तेरावं झालं, माणसं पांगली, तोवर मी नीट रडत होते. आता रडायला बसले की मध्येच राग येतो, रडणं अर्धवट राहतं आणि मी उठून भांडी घासायला लागते. हे तुमच्यामुळे झालंय.

मी सुर्वेकडे गेले ते दोन कामांसाठी. एक म्हणजे आपली गाडी ब्रेक दाबला की किंचाळायला लागली होती. पावसाळा सरला की ती किंचाळतेच, खाऱ्या हवेने सगळं गंजलेलं असतं, पण या वेळचा आवाज मला आवडेना. आपली जुई रोज तीच घेऊन जयगडकडे नोकरीला जाते, आरे-वारेच्या उतारावरून. म्हटलं, सुर्वेला सांगावं, या वेळी घरी येऊन बघून जा, दर वर्षी गॅरेजात बघता तसं. आणि दुसरं काम म्हणजे, यंदा आपल्याकडे कढई चढणार नाही. दुःखाच्या घरात तळण नसतं, हे शेजारीपाजारी जाणतात, पण सुर्वे बिचारा डब्याची वाट बघत बसायचा. म्हणून सांगितलं, "सुर्वे, यंदा फराळ नाही हो आमच्याकडून. मनात काही आणू नका."

सुर्वे हात पुसत माझ्याकडे बघत राहिला. "कसला फराळ, वैनी?"

"अहो, दर वर्षी पाठवते तो. ब्रेकचं काम असलं की ह्यांच्याबरोबर डबा देते ना मी. आणि तुमच्या मंडळींना सांगा, त्यांची आंबापोळी फार आवडायची ह्यांना."

"माझी बायको? ती मुंबयला पोराकडं असते, वैनी. आंबापोळी कुठली नि काय." मग त्याला माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी कळलं असावं. आवाज खाली आणून म्हणाला, "तुमची गाडी माझ्याकडं येऊन वर्सं झाली. मला वाटला, साहेबांनी दुसरा गॅरेज धरलानी. थोडा वाईट पण वाटला मला, खोटा कशाला सांगू."

त्याला वाईट वाटलं म्हणे. मला काय वाटलं ते तुम्ही ओळखा.

माझ्या करंज्या खाल्ल्या कुणी, हा माझ्या डोक्यातला पहिला प्रश्न होता, हे कबूल करते. तुम्ही हसाल. पण त्या डब्याच्या मागे काय होतं, ते तुम्हाला चांगलं माहीत होतं.

आपलं भांडण लग्नानंतर लगेच सुरू झालं ते कधी मिटलंच नाही. गाडीचं काहीही बिघडो, तुम्ही स्वतः उघडायचात. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलेलं, खांबावर चढून तारा जोडलेल्या, त्यामुळे माणसाने जोडलेलं माणसाला सोडवता येतंच, हा तुमचा बाणा. "अगो, चार बोल्ट असतात. त्यासाठी गाडी परक्याच्या हातात द्यायची?" मी म्हणायची, रेडिओ उघडा, मिक्सर उघडा, ब्रेक सोडा. ब्लाउज बिघडला तर उसवता येतो, ब्रेक उसवता येत नाही. त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं. "तू तुझं मशीन कुणाकडे देतेस गो? स्वतःच उघडतेस, स्वतःच तेल घालतेस." मी म्हणायची, माझं मशीन बिघडलं तर बाईची बाही वाकडी होते, जीव जात नाही. आणि रविवारी अंगणात जॅक लावलेला दिसायचाच.

आणि मी काय करायची? तोंड चालू ठेवून गाडीत जाऊन बसायची.

कारण ब्रेकचं तेल बदलणं एकट्याचं काम नाही. चाकाखाली चिरे लावून तुम्ही खाली, मी आत, चपला काढून. मला गाडी चालवता येत नाही, गाडीतलं दुसरं काही ठाऊक नाही, पण ब्रेकचं पायटं माझं. तुम्ही खालून म्हणायचात, "दाब." मी दाबायची. "धर." मी धरून ठेवायची. तुम्ही चाकामागचं ते बारीक तोंड उघडायचात, काळं तेल नळीतून बाटलीत उतरायचं, पाय हळूहळू खोल जायचा, तुम्ही तोंड बंद करायचात आणि मग म्हणायचात, "हां, सोड." त्याआधी पाय सुटला की हवा आत शिरते, आणि सगळं पहिल्यापासून. माझा पाय कधीच आधी सुटला नाही. जन्मभर शिलाईचं मशीन चालवलेला पाय तो. तुम्ही एकदा चाकाजवळून डोकं वर काढून म्हणाला होतात, "असा मोजून दाबणारा पाय अख्ख्या रत्नागिरीत नाही." साडी, दागिना, फिरायला नेणं, हे सगळं जिथल्या तिथे, पण ते वाक्य मी जपून ठेवलं होतं. भांडत भांडत का होईना, ती माझी जागा होती.

मग ते खोबरेल.

तुमच्या आईंचा सगळ्यावर एकच उपाय. बिजागरी वाजली, खोबरेल. विळी गंजली, खोबरेल. नातीचं डोकं दुखलं, खोबरेल. त्या संस्कारात वाढलेल्या माणसाने ब्रेकच्या गंजलेल्या पिना बघितल्या आणि स्वयंपाकघरातून वाटी भरून नेली. मी विचारलं होतं, हे कशाला? म्हणालात, "घरचं घाण्याचं आहे, शुद्ध." शुद्ध! दुसऱ्या दिवशी हेदवीला दशभुजा गणपतीच्या दर्शनाला निघालो. जयगडच्या फेरीबोटीची वेळ गाठायची म्हणून तुम्ही जरा घाईत होतात. सातवीतली जुई हट्टाने पुढे बसली होती, समुद्र दिसावा म्हणून. आरे-वारेच्या उतारावर ब्रेक तापले, खोबरेल पातळ होऊन पॅडांवर ओघळलं, आणि वळणावर तुम्ही पाय दाबलात तेव्हा गाडी थांबायचं सोडून तशीच पुढे निघाली. रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर आदळून थांबलो. गडग्याचे चिरे खाली निखळले. समोरचा दिवा फुटला, तुमचं कपाळ सुजलं, माझ्या मांडीवरचा नारळ कुठे गेला तो सापडलाच नाही. जुईला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण भिंत अंगावर येताना तिने बघितली होती. त्यानंतर ती गाडीत बसायला तयार होईना. बसली तरी मागे, डोळे गच्च मिटून, माझा पदर मुठीत धरून.

मी तुमच्याशी बोलणं टाकलं होतं, आठवतं? मग एके दिवशी तुम्हीच म्हणालात, चल, हेदवीला जाऊ, एसटीने. देवासमोर गुरवाने गाऱ्हाणं घातलं, घडलं ते पोटात घाल, लेकराबाळांना सुखी ठेव, आणि मध्येच तुम्ही हात जोडून मोठ्याने म्हणालात, "ब्रेकचं काम यापुढे माझ्या हातून व्हायचं नाही, महाराजा." गुरव म्हणाला, "होय महाराजा." मी म्हटलं, "होय महाराजा." जुईही म्हणाली. बाहेर आल्यावर मी तुमच्याशी बोलायला लागले.

फुटलेला दिवा सुर्वेने बसवला, आणि त्या वर्षापासून गाडी त्याच्याकडेच जायला लागली. म्हणजे मला तसं वाटायला लागलं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तुम्ही जुईला घेऊन निघायचात. "गाडी सुर्वेकडे टाकतो, तोवर पोरीला भाट्याच्या किनाऱ्यावर फिरवून आणतो." मी खूश. त्याच्यासाठी फराळाचा स्टीलचा डबा भरून द्यायची, वर करंज्या, त्याही निवडून, न फुटलेल्या. माझ्या माणसांचा जीव ज्याच्या हातात, त्याचं तोंड गोड करायला नको? आणि डबा कधी रिकामा परत आला नाही. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत. आंबापोळी यायची, एखाद्या वर्षी कोकमं. मी चाखून म्हणायची, सुर्वेच्या बायकोच्या हाताला चव आहे हो. तुम्ही आणि जुई एकमेकांकडे बघायचात. मला वाटायचं, आंबापोळीवर दोघांचा डोळा आहे.

गॅरेजच्या दारात हे सगळं माझ्या डोक्यातून जात असताना सुर्वे आणखी एक बोलला. त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं, बोलायचं म्हणून बोलला. "स्पेअरच्या दुकानात भेटायचे कधीतरी साहेब. पॅड, ब्रेक ऑइल घेताना. मी म्हटला, स्वतःच करत असतील. पण तेल बदलायचा एकट्याला जमायचा नाय, वैनी. आत पाय द्यायला कुणीतरी लागतोच."

रिक्षात बसले आणि घर येईपर्यंत माझ्यासमोर एकच प्रश्न. माझ्या जागेवर कोण बसलं?

हो, आला मनात संशय. पन्नाशी उलटलेली बाई मी, नवरा जाऊन महिना झालेला, आणि मी रिक्षात बसून तुमच्या ऑफिसातल्या बायका आठवत होते. कुणाला गाडी येते, कोण हसून बोलायची, कोण अंत्यदर्शनाला जास्तच रडली. शपथ मोडलीत, देवाशी खोटं बोललात, माझ्याशी बोललात, हे सगळं त्या संशयापुढे मागे पडलं. कुणीतरी बाई आपल्या गाडीत बसून "दाब" म्हटल्यावर दाबत होती आणि माझ्या करंज्या खात होती. असलं चित्र डोळ्यासमोर घेऊन मी तुमच्या फोटोला घातलेला हार काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी परत घातला, ते वेगळं.

संध्याकाळी जुई कामावरून आली. तिला चहासुद्धा न विचारता मी म्हटलं, "सुर्वेकडे जाऊन आले."

ती पायऱ्यांवरच बसली. बॅग खांद्याला तशीच. तिला सगळं ठाऊक होतं, हे मला एकदम कळलं.

"पावसला," ती म्हणाली. "मकबूलचाचांच्या बागेत."

मकबूलभाई. तुमचा जुना मित्र, मस्कतला टँकर चालवून परत आलेला, आंबा आणि नारळाशिवाय ज्याला दुसरा विषय नाही असा माझा समज होता. त्यांच्या बागेत पेट्या ठेवायच्या शेडमध्ये तुम्ही दोघं दर वर्षी ब्रेक करत होतात. आणि डबा रझियाभाभी रिकामा करून, धुऊन, आंबापोळी घालून देत होत्या. म्हणजे अख्ख्या पावसला माहीत होतं. भाट्याच्या पुलापलीकडे सगळ्यांना ठाऊक, फक्त पुलाच्या अलीकडे मी बावळट.

"तू शपथ ऐकली होतीस," मी जुईला म्हटलं. "तू होय महाराजा म्हणाली होतीस."

"बाबांनी शपथ मोडली नाही, आई."

"मग सुर्वे खोटं बोलतो?"

"बाबांनी त्या दिवसानंतर पान्याला हात लावला नाही. कधीच नाही. सगळं मी केलं. ते आत बसायचे, ब्रेक दाबायला."

अहो, मला थोडा वेळ समजलंच नाही ती काय बोलते ते. मग तिने सगळं सांगितलं. गाडीची तिची भीती जाईना, तेव्हा तुम्ही तिला पावसला नेलंत. मकबूलभाईंनी चाक काढलं आणि तुम्ही तिला म्हणालात, "ज्याला घाबरतेस ते आधी नीट बघ तरी. मग घाबर." तिने बघितलं. खोबरेल कुठे लावलं होतं, ते कसं ओघळलं, सगळं तुम्हीच दाखवलंत, स्वतःची चूक बोट ठेवून. मग पाना तिच्या हातात दिलात. सुरुवातीला तिने आवळलेला प्रत्येक नट मकबूलभाई पुन्हा तपासत. नंतर नंतर नुसते बाजूला खुर्ची टाकून बसायला लागले. आणि तुम्ही, शपथेचे पक्के, आत. हात मांडीवर ठेवून.

"शपथ पाळली म्हणे!" मी म्हटलं. "देवासमोर वकील घेऊन उभे होते काय तुझे बाबा?"

जुईला हसू आलं, मग ती रडायला लागली. मी नाही रडले. मला आठवत होती तिची नखं. त्या दिवसांत तिची नखं काळी असायची. विचारलं तर म्हणायची, चित्रकलेचा कोळसा. मीच लिंबाची फोड घेऊन तिची नखं घासत बसायची, आणि ती मुकाट्याने हात पुढे करायची. तिला खोटं बोलायला कुणी शिकवलं? तुम्ही. ब्रेक शिकवलेत ते शिकवलेत, त्याबरोबर हेही शिकवलंत.

आणि मी तिची भीती गेली म्हणून हेदवीच्या देवाचे आभार मानत होते. मैत्रिणींना सांगत होते, गाऱ्हाणं पावलं बघा. इतकी वर्षं मी मागच्या सीटवर बसून गुणगुणत आरे-वारे उतरले, ती माझ्या पोरीच्या हातावर भरवसा टाकून. आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. तिचं कौतुक करायचीही संधी दिली नाहीत तुम्ही. ती पहिल्यांदा एकटीने चाक उघडून बसवू शकली असेल, तो दिवस कुठला होता? मी त्या दिवशी काय करत होते? बहुतेक तुमच्या सुर्वेसाठी करंज्या लाटत असेन.

चार दिवसांनी मकबूलभाई आणि रझियाभाभी आले. जुईने कळवलं असणार. भाभींच्या हातात माझा डबा होता, गेल्या दिवाळीपासून तिकडेच राहिलेला. उघडून बघितला तर करंज्या. "तुमच्या हातची चव नाय आली, वैनी," त्या म्हणाल्या. "खाऊन खाऊन शिकले, विचारायची सोय नव्हती." करंज्यांच्या कडा जरा जाड होत्या. मी एक खाल्ली आणि दुसरी उचलली. त्या घरात माझ्या करंज्या एवढ्या मनापासून खाल्ल्या गेल्या होत्या, त्यांच्यावर रागवायचं तरी कसं, म्हणून तोही राग तुमच्याच खात्यावर.

मकबूलभाई खाली मान घालून बसले होते. "गुन्हा माझा पण हाय. जागा माझी, पाना माझा. मी त्याला दर वर्षी बोललो, वैनीला सांग. तो बोलायचा, पाडव्याला सांगतो. ओवाळतील तेव्हा सांगतो, तेव्हा रागवायच्या नाहीत."

पाडव्याला. दर पाडव्याला ओवाळताना तुम्ही तोंड उघडायचात आणि मिटायचात. मी विचारायची, काय? तर म्हणायचात, "काही नाही. छान दिसतेस." मी निरांजनाच्या उजेडात लाजायची, अहो. एवढी वर्षं त्याच वाक्यावर लाजले मी.

ती दोघं गेल्यावर खरं भांडण झालं, माझं आणि जुईचं. गाडीच्या ब्रेकचे पॅड झिजून संपले होते. मी म्हटलं, सुर्वेला बोलावलंय, तो करेल. ती म्हणाली, मी करते. मी म्हटलं, मेकॅनिक रोज दहा गाड्या उघडतो, तू वर्षातून एक. ती म्हणाली, म्हणूनच त्याला घाई असते, मला नसते. मी म्हटलं, ब्रेक उसवता येत नाही. ती म्हणाली, "तुझं मशीन तू कुणाकडे देतेस, आई?" मी चमकून बघितलं. तुमचंच वाक्य, तुमच्याच हेलात. तुम्ही गेलात आणि वाद मात्र घरातच ठेवून गेलात.

"तुझ्या बाबांनी माझा विश्वासघात केला," मी म्हटलं. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी वापरला.

ती म्हणाली, "केला. मीही केला. पण ब्रेक चांगले होते, आई. तुला माहीत नव्हतं तेव्हाही चांगलेच होते. आता कळलं म्हणून ते वाईट झाले का?"

हेच तर मला सहन होत नाही. तुम्ही फसवलंत आणि काम नीट केलंत. ब्रेक कच्चे निघाले असते, सुर्वेने चाक उघडून कपाळावर हात मारला असता, तर माझं सोपं होतं. माझं बरोबर, तुमचं चूक, विषय संपला. तसं झालं नाही. ज्या मुलीला उतार दिसला की कापरं भरायचं, ती आज एकटी तोच उतार रोज उतरते, हे तुम्ही केलंत. मला न सांगता केलंत. या दोन वाक्यांतलं कुठलं आधी म्हणायचं, ते मला अजून ठरवता येत नाही.

शेवटी मी म्हटलं, "कर. पण झाल्यावर सुर्वे बघणार. त्याने हो म्हटल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जायची नाही." ती लगेच कबूल झाली. तुम्हाला हे एवढं सुचलं असतं तर? तुमच्या हट्टात आणि माझ्या भीतीत असा एक रस्ता होता, जुईला तो एका वाक्यात सापडला.

काल रविवारी तिने अंगणात चाकाखाली चिरे लावले, तुम्ही लावायचात तसेच, आडवे. चाक काढलं. मी पडवीत तांदूळ निवडायला बसले, म्हणजे बघते आहे असं दिसू नये. तिचे हात घाई करत नव्हते. पिनांना तिने कसलंसं वेगळं ग्रीस लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "खोबरेल नाही." मला हसू फुटलं, आणि हसले म्हणून तुमचा राग आला.

मग ती म्हणाली, "आई, तेल बदलायचंय. आत बसतेस?"

मी ताट खाली ठेवलं. गाडीजवळ गेले. सीट मागे सरकवलेली होती, जुईच्या पायांच्या मापाने, पाय तिचे तुमच्यासारखेच लांब. ती पुढे ओढली, चपला काढल्या आणि बसले. इतक्या वर्षांनी. पायटं तेच, थंडगार.

"दाब," जुई खालून म्हणाली.

मी दाबलं.

"धर."

पाय हळूहळू खोल गेला. मशीनवर असतो तसा, अंदाजाने, धक्का न देता. मी जराही हलले नाही. कोपऱ्यातल्या जास्वंदीला यंदा कळ्या बऱ्याच आल्यात, तिकडे बघत बसले.

"हां, सोड."

चारही चाकांचं झालं. पायटं घट्ट लागलं, दगडासारखं. जुई बाटली हातात घेऊन उठली आणि तशीच उभी राहिली.

"काय गो?" मी विचारलं. "हवा शिरली?"

"नाही. एकदाच झालं सगळं." तिने मनगटाने नाक पुसलं. "बाबांचं कधी एकदाच व्हायचं नाही. नेहमी लवकर सोडायचे पाय. मग हवा शिरायची, परत पहिल्यापासून. दर वेळी म्हणायचे, तुझी आई असती तर एव्हाना घरी पोचलो असतो."

दर वेळी म्हणायचात.

अहो, मग बोलवायचं होतंत ना. पावस काय सातासमुद्रापार आहे? एकदा हाक मारायची होती. मी शिव्या घातल्या असत्या, मकबूलभाईंसमोर तुमची शोभा केली असती, डबा घेऊन तिकडेच बागेत रुसून बसले असते. पण आले असते हो. चपला काढून आत बसले असते.